अलॉन्झो, डियाझ, निम्मो: मेट्सने या हिवाळ्यात घर रिकामं केलं. बरोबर केलं का?

पागोळी (एडिसन, न्यू जर्सी) | ११ डिसेंबर २०२५

काल मीटिंग चालू असताना मोबाइलवर बातमी आली. आमच्या न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल क्लबचा फर्स्ट बेसवाला पीट अलॉन्झो बाल्टिमोर ओरिओल्सकडे, पाच वर्षं, १५५ मिलियन डॉलर. आदल्याच दिवशी शेवटच्या इनिंगला चेंडू टाकणारा एडविन डियाझ डॉजर्सकडे गेला होता, तीन वर्षं, ६९ मिलियन. आणि नोव्हेंबरात ब्रँडन निम्मोला टेक्सास रेंजर्सना देऊन मार्कस सिमियनला आणलं. महिनाही झाला नाही आणि तिघंही गेले. मीटिंगमध्ये पुढे काय ठरलं ते मला मैत्रिणीला विचारावं लागलं.

मी २०१९ पासून मेट्सच्या मॅचेस वहीत मांडते. आमच्या इमारतीतल्या एका अमेरिकन आजोबांनी शिकवलं होतं. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर २, फर्स्ट बेस ३ असे मैदानातल्या जागांचे आकडे असतात आणि प्रत्येक चेंडूचा हिशेब एका चौकोनात बसतो. त्याच वर्षी अलॉन्झो आला आणि पहिल्याच सीझनला ५३ होम रन, म्हणजे थेट कुंपणापार फटके, मारून गेला. पदार्पणाच्या वर्षातला तो आजही विक्रम आहे. म्हणजे माझी वही आणि तो एकाच वयाचे.

काल रात्री २८ सप्टेंबरचं पान काढून बसले होते. मायामीतली शेवटची मॅच. जिंकलो असतो तर प्लेऑफमध्ये होतो, कारण सिनसिनाटी रेड्स त्या दिवशी हरले. आपण ०-४ने हरलो आणि ८३-७९ (जिंकलेल्या-हरलेल्या मॅचेस) वर बरोबरी होऊनही आपसातल्या सामन्यांच्या निकालावर रेड्स पुढे गेले. पाचव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले, दोन आउट, अलॉन्झो बॅटिंगला. त्याने चेंडू असा हाणला की ताशी ११५ मैलांच्या वर वेग लागला. सरळ लेफ्ट फील्डरच्या हातात. माझ्या वहीत तिथे ‘एल ७’, म्हणजे लेफ्ट फील्डला सरळ झेल, लिहिलंय आणि पेन इतकं दाबलंय की मागच्या पानावर उमटलंय. मेट्ससाठी तो काय होता ते मला त्या एका चौकोनात दिसतं. गरजेच्या वेळी तो उभा असायचा आणि पूर्ण ताकदीने मारायचा.

माझं मत असं. अलॉन्झोला सोडायला नको होतं. डॅरिल स्ट्रॉबेरीचा २५२ होम रनचा क्लबचा विक्रम त्याने ऑगस्टमध्ये मोडला आणि २६४ वर थांबला. गेली दोन वर्षं १६२ पैकी १६२ मॅचेस खेळला. या सीझनला ३८ होम रन, १२६ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेल्या धावा). टीम पडली ती पिचिंगमुळे. टीम बांधणारे क्लबचे डेव्हिड स्टर्न्स म्हणतात की धावा रोखणं सुधारायचंय. मान्य. पण मग पिचर आणा ना! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

विचारायचं एवढंच की स्टर्न्सनी केलं ते बरोबर वाटतं का? आणि आम्ही चौघी मैत्रिणी मिळून सीझनची तिकिटं घेतो. जानेवारीअखेर ठरवायचंय, घ्यावीत की नाही?

नऊवाडी | ११ डिसेंबर

+१. निम्मोच्या वेळीच पोटात गोळा आला होता. वॉक (चार बाहेरच्या चेंडूंमुळे फुकट फर्स्ट बेस) मिळाल्यावरसुद्धा फर्स्ट बेसपर्यंत धावत जाणारा दुसरा माणूस दाखवा मला.

हिशेबनीस (शिकागो) | ११ डिसेंबर

पागोळीताई, तुमचं दुःख पूर्ण मान्य. तरी विरुद्ध बाजू मांडतो, कारण मला मनापासून वाटतं की स्टर्न्स बरोबर आहेत.

पैशांचं आधी. मेट्सचा पगाराचा बोजा लक्झरी टॅक्सच्या सगळ्यात वरच्या पायरीवर आहे. २०२६ साठी टॅक्सची रेषा २४४ मिलियनवर सुरू होते आणि वरची पायरी ३०४ वर. सलग काही वर्षं रेषा ओलांडणाऱ्या क्लबला त्या पायरीवर प्रत्येक डॉलरमागे १ डॉलर १० सेंट टॅक्स बसतो. म्हणजे वर्षाला ३१ मिलियनचा अलॉन्झो मेट्सना ६५ मिलियनला पडला असता. मालक स्टीव्ह कोहेन श्रीमंत आहेत, पण पाचव्या वर्षीसुद्धा तेवढेच मोजायचे आणि तेव्हा तो ३५-३६चा असेल.

आता वय. उजव्या हाताने मारणारा, पायांनी मंद, फर्स्ट बेसवरचा भारी अंगाचा खेळाडू तिशीनंतर कसा उतरतो ते आल्बर्ट पुहोल्सकडे बघा. सेंट लुईसने २०११ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकून त्याला जाऊ दिलं. केवढा आकांत झाला होता तिथे! एंजल्सनी दहा वर्षांचे २४० मिलियन दिले. सेंट लुईसमधल्या अकरा वर्षांत ३२८ची सरासरी (हजारात ३२८ हिट) असलेला माणूस एंजल्सकडे एकदाही ३००पर्यंत पोचला नाही. आणि बाल्टिमोरचंच उदाहरण हवं असेल तर ख्रिस डेव्हिस. फर्स्ट बेस, २०१६ मध्ये सात वर्षांचे १६१ मिलियन, आणि मग सलग ५४ वेळा हिटशिवाय.

तिसरं, टीम पडली पिचिंगमुळे हे अर्धंच खरं. १२ जूनला आपण ४५-२४ होतो, बेसबॉलमध्ये सगळ्यांत पुढे. त्यानंतर ३८-५५. १२ जूनला काय झालं ते तुमच्या वहीत असेलच. कोडाई सेंगा १.४७च्या ईआरएने (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) पिचिंग करत होता. फर्स्ट बेस झाकायला धावला, अलॉन्झोचा थ्रो उंच आला, सेंगाने उडी मारून घेतला आणि मांडीचा स्नायू गेला. परत आला तो तो राहिलाच नव्हता. सप्टेंबरात मायनर्समध्ये (खालच्या लीगमध्ये) पाठवावं लागलं. फील्डिंग पिचरला अशी नडते.

पागोळी | ११ डिसेंबर

आहे वहीत. ३-१, म्हणजे फर्स्ट बेसकडून पिचरकडे. आउट झाला होता तो बॅटर. मी ‘आउट’चा गोल काढला आणि वर बघितलं तर सेंगा जमिनीवर.

थ्रो वाईट होता, वाद नाही. पण हिशेबनीस, एका थ्रोवर सात वर्षं तोलायची नाहीत. आणि बाकीच्या ५५ हारी? तेव्हा रोटेशनमध्ये (आळीपाळीने मॅच सुरू करणाऱ्या पिचरांत) सहा इनिंग टाकू शकणारा एकटा डेव्हिड पीटरसन होता, आणि तोही शेवटी थकला. जुलैमध्ये स्टर्न्सनी बुलपेनसाठी, म्हणजे मागाहून टाकायला येणारी, माणसं आणली, स्टार्टर एकही आणला नाही. तो निर्णय अलॉन्झोचा नव्हता.

कोकणकडा (पुणे) | १२ डिसेंबर

बेसबॉलमधलं मला काहीच कळत नाही, पण धागा सोडवत नाहीये. एक शंका. आयपीएलमध्ये टीम ठरवते कुणाला ठेवायचं. इथे खेळाडू आपल्या मर्जीने कसा गेला? आणि निम्मोला मात्र टीमनेच दुसरीकडे दिला म्हणताय?

हिशेबनीस | १२ डिसेंबर

कोकणकडा, स्वागत. थोडक्यात सांगतो. मेजर लीगमध्ये आल्यावर पहिली सहा वर्षं खेळाडू क्लबच्या ताब्यात असतो. सहा वर्षं भरली आणि करार नसला की तो फ्री एजंट, जो बोलावेल त्याच्याकडे जायला मोकळा. अलॉन्झोची सहा वर्षं २०२४ला भरली. गेल्या हिवाळ्यात फेब्रुवारीपर्यंत ताटकळून त्याने मेट्सशीच दोन वर्षांचा ५४ मिलियनचा करार केला, त्यात एका वर्षानंतर बाहेर पडायची मुभा होती. ती त्याने वापरली. डियाझनेही तसंच.

निम्मोचं वेगळं. त्याचा २०३०पर्यंत करार होता, आणि करारातला खेळाडू क्लब दुसऱ्या क्लबला देऊ शकतो, त्याला ट्रेड म्हणतात. फक्त निम्मोच्या करारात त्याच्या संमतीची अट होती. त्याने ती दिली.

आणि आयपीएलसारखी सगळ्यांना सारखी थैली इथे नाही. कमाल मर्यादा नाहीच, वर गेलात तर टॅक्स भरा. म्हणून मेट्सच्याच हुआन सोतोला एकट्याला १५ वर्षांचे ७६५ मिलियन देता येतात.

कोकणकडा | १२ डिसेंबर

७६५ मिलियन! कॅल्क्युलेटरवर रुपये करायला गेलो तर शून्यं मावेनात. छान समजावलंत, धन्यवाद. वाचतोय.

फ्लशिंगकर (क्वीन्स) | १२ डिसेंबर

मंडळी, मी १९७६ साली या गावात आलो. आल्या आल्या एल्महर्स्टला तिघांत एक खोली, आणि करमणूक म्हणजे मेट्सच्या तेव्हाच्या शे स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरची स्वस्त तिकिटं. तेव्हापासूनचा मेट्सवाला, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

१९७७चा जून. फ्लशिंगच्या बाऊन स्ट्रीटवर गणपतीचं देऊळ उभं राहत होतं. ४ जुलैला कुंभाभिषेक होता आणि आम्ही पोरं संध्याकाळी कामाला जायचो. विटा उचल, झाडलोट कर, जे सांगतील ते. १५ जूनच्या रात्री कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर ऐकलं की मेट्सचा सगळ्यांत मोठा पिचर टॉम सीव्हर, त्याला सिनसिनाटीला दिला. आमच्याबरोबर काम करणारा एक स्थानिक गवंडी होता. त्याने थापी खाली ठेवली आणि पायरीवर बसून राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मला तेव्हा बेसबॉल कळायला लागून एकच वर्ष झालं होतं. क्लबने काय घालवलं ते मला त्या माणसाच्या तोंडाकडे बघून समजलं.

पुढे सीव्हर १९८३ला परत आला आणि १९८४च्या जानेवारीत पुन्हा गेला. राखीव खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव घातलं नाही, कुणी घेणार नाही असं गृहीत धरलं, आणि शिकागो व्हाइट सॉक्सनी उचलला. १९८५च्या ऑगस्टमध्ये त्याने तीनशेवी मॅच जिंकली, तीही यँकी स्टेडियमवर, व्हाइट सॉक्सच्या कपड्यांत.

आणि पागोळी, तारीख बघ. काल नाही, परवा अलॉन्झो गेला तो दिवस १० डिसेंबर. १० डिसेंबर १९७१ला याच क्लबने नोलन रायनला एंजल्सकडे दिलं आणि जिम फ्रिगोसीला घेतलं. रायनने पुढे सात नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण मॅच) टाकले. मेट्सच्या पिचरने पहिला नो-हिटर टाकला तो २०१२ साली, योहान सँटानाने.

स्टर्न्स हुशार आहे, मॅनहॅटनमध्ये मेट्स बघत वाढलेला पोरगा आहे. त्याला हे सगळं पाठ असणार. म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

नऊवाडी | १२ डिसेंबर

काका, दंडवत. गवंड्याचं वाचून गलबललं.

बदामीहलवा (जर्सी सिटी, यँकीज) | १३ डिसेंबर

शेजाऱ्यांच्या घरी दुःख आहे म्हणून डोकावलो. डियाझच्या जागी तुम्ही डेव्हिन विल्यम्स घेतलात, तीन वर्षं, ५१ मिलियन. तो यंदा आमच्याकडे होता. ईआरए ४.७९. तो आला की आमच्या घरी बाबा उठून देवघरात जायचे.

हिशेबनीस | १३ डिसेंबर

हलवा, तो आकडा फसवा आहे. बॅटर चुकवण्याचं त्याचं प्रमाण उत्तमच होतं, धावा मात्र वाईट वेळी गेल्या. स्टर्न्स मिलवॉकीत असताना विल्यम्स त्यांच्याच टीममध्ये तयार झालाय, ते त्याला आतून ओळखतात. शिवाय डियाझला वर्षाचे २३ मिलियन, रिलीव्हरला (मागाहून येणाऱ्या पिचरला) आजवर मिळालेला सर्वांत मोठा वार्षिक आकडा. वर्षाला साठ-पासष्ट इनिंग टाकणाऱ्याला?

बदामीहलवा | १३ डिसेंबर

आकडे तुमचे खरे असतील हो, पण बाबांचा रक्तदाबही खरा होता.

पागोळी | १३ डिसेंबर

विल्यम्सचं नाव निघालंच आहे तर ३ ऑक्टोबर २०२४चं पान उतरवते. ज्यांनी बघितलं त्यांना परत वाचायला आवडेल, आणि कोकणकडांनाही कळेल की आम्ही एवढे का हळहळतोय.

मिलवॉकी, वाइल्ड कार्डची (प्लेऑफच्या पहिल्या फेरीची) तिसरी मॅच, हरलो की घरी. नववी इनिंग, ०-२ मागे. समोर मिलवॉकी ब्रुअर्सचा क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा), हाच डेव्हिन विल्यम्स. आपल्या शॉर्टस्टॉप लिंडोरने वॉक मिळवला. पुढचा आउट. निम्मोने सिंगल मारली, लिंडोर तिसऱ्या बेसवर. मग अलॉन्झो. त्या मॅचआधी तो आठवडाभर चाचपडत होता आणि सगळे म्हणत होते की मेट्सच्या कपड्यातली ही त्याची शेवटची बॅटिंग असेल. विल्यम्सचा चेंजअप (फसवा हळू चेंडू) आला, बाहेरच्या बाजूला, आणि त्याने तो उलट्या दिशेला राइट फील्डच्या भिंतीपलीकडे टाकला. ३-२. पुढे ४-२ने जिंकलो.

त्या पानावर माझी अक्षरं नीट लागत नाहीत. लेक झोपली होती म्हणून मी तोंडात ओढणी धरून उड्या मारत होते.

आता त्याच पानावर बघा. सिंगलवाला निम्मो गेला. होम रनवाला अलॉन्झो गेला. आणि ज्याला मारलं तो विल्यम्स आपल्याकडे आलाय.

नऊवाडी | १३ डिसेंबर

अंगावर काटा.

शेवंती_टॉसन (मेरीलँड) | १४ डिसेंबर

मी ओरिओल्सवाली, पण मुद्दाम मिरवायला आले नाही. आमचं यंदाचं वर्ष ७५-८७ असं गेलं, त्यामुळे आनंद झालाय हे लपवत नाही.

हिशेबनीस, ख्रिस डेव्हिसचं दुःख आम्हाला सांगू नका, आम्ही ते सोसलंय. पण बाल्टिमोरची दुसरी गोष्टही ऐका. १९६५च्या डिसेंबरात सिनसिनाटीने फ्रँक रॉबिन्सनला आमच्याकडे दिलं. तो तेव्हा तीस वर्षांचा होता आणि त्यांच्या मालकांना वाटलं की त्याचं वय झालं. पुढच्याच वर्षी त्याने ट्रिपल क्राउन (सरासरी, होम रन, आरबीआय तिन्हींत पहिला) मिळवला, एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि आम्ही पहिली वर्ल्ड सिरीज जिंकलो. त्याचा २० नंबर आमच्याकडे कायमचा निवृत्त केलाय. म्हणजे तुमच्या पीटला मेट्सचा २० नंबर इथे मिळणार नाही, पण ज्याच्यामुळे मिळणार नाही तो असा माणूस होता.

आम्हाला तरुण पोरांच्या मध्ये असा एक कर्ता खेळाडू हवाच होता. २०१९ला, पहिल्याच वर्षी, ११ सप्टेंबरच्या स्मृतिदिनाला अलॉन्झोने सगळ्या टीमसाठी अग्निशमन आणि पोलिसांच्या सन्मानाचे खास बूट करवून घेतले होते. चोविसाव्या वर्षी! पागोळी, आम्ही नीट सांभाळू त्याला.

पागोळी | १४ डिसेंबर

शेवंती, शेवटच्या वाक्याने डोळ्यांत पाणी आलं. मुलगी सासरी पाठवल्यासारखं वाटतंय खरं.

तळ्यातमळ्यात | १४ डिसेंबर

अवांतर: काकांनी देवळाचा विषय काढला म्हणून. मॅचच्या आधी ७ नंबरच्या गाडीने मेट्स-विलेट्स पॉइंटच्या पुढचं मेन स्ट्रीट गाठायचं, चालत देवळात, दर्शन, खाली कॅन्टीनमध्ये डोसा, आणि एक स्टेशन मागे येऊन मॅच. दहा वर्षं आमचा हाच क्रम आहे. कुणाकुणाचा?

फ्लशिंगकर | १४ डिसेंबर

आमचाही. रवा मसाला, आणि फिल्टर कॉफी गरम असतानाच.

कट्टेकरी (लाँग आयलंड) | १५ डिसेंबर

अवांतरच चाललंय तर माझा एक दिवस सांगतो. १२ जून २०२४. सकाळी साडेदहाला नासाऊला भारत विरुद्ध अमेरिका, टी-२० विश्वचषक. मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेकडून कोहलीला पहिल्याच चेंडूवर काढलं, मग रोहितला. कुणासाठी टाळ्या वाजवायच्या हेच कळेना, दोन्हीकडे आपलीच माणसं. भारत जिंकला. तिथून गाडी काढली आणि संध्याकाळी मेट्सचं मैदान सिटी फील्ड. मॅकडॉनल्ड्सच्या जांभळ्या ग्रिमेस बाहुल्याने मानाचा पहिला चेंडू टाकला तो हाच दिवस! तोपर्यंत मेट्स रडतखडत चालले होते, त्या रात्री मायामीला १०-४ने हरवलं आणि सलग सात जिंकले. तिथून जे चढले ते थेट एनएलसीएसपर्यंत (वर्ल्ड सिरीजच्या आधीची फेरी).

विषयाशी जोडतो. त्या रात्री माझ्या धाकट्याने विचारलं, आपल्या टीममध्ये कोण कोण? मी न अडखळता सांगितलं, लिंडोर, निम्मो, अलॉन्झो, डियाझ. आता विचारलं तर पहिल्या नावानंतर मला थांबावं लागेल. सोतो आहे, मोठा खेळाडू आहे, यंदा ४३ होम रन आणि ३८ बेस चोरल्या. पण तो बाहेरून आला. ते इथलेच झाले होते.

हिशेबनीस | १५ डिसेंबर

कट्टेकरी, हा मुद्दा मला सगळ्यांत पटला, तरी त्यालाच उलटं विचारतो. हीच नावं २०२१ पासून एकत्र होती. एकदाही वर्ल्ड सिरीजला पोचली नाहीत. १९८६नंतर आपण जिंकलेलो नाही. इथल्या माणसांना धरून ठेवणं आपल्याला आधीही महागात पडलंय. डेव्हिड राइटला २०१२ मध्ये १३८ मिलियनचा करार दिला. माझा सगळ्यांत आवडता खेळाडू. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्याची शेवटची वर्षं गिळली. उलट जेकब डीग्रॉमला २०२२च्या डिसेंबरात जाऊ दिलं, तेव्हाही आपण इथे असेच रडलो होतो. २०२३ला तो सहा मॅचेस टाकून शस्त्रक्रियेला गेला.

नऊवाडी | १५ डिसेंबर

आणि २०२५ला ऑल-स्टार झाला, तेही सांगा. डॅनिएल मर्फीचंही सांगा. २०१५ला आपल्याला वर्ल्ड सिरीजला नेलं, आपण जाऊ दिलं, वॉशिंग्टनने घेतलं, आणि २०१६ला त्याने ३४७ने फलंदाजी केली. दर वेळी आपल्याविरुद्ध जास्तच. सोडून दिलेला माणूस त्याच विभागात गेला की कसं लागतं ते आपल्याला माहीत आहे. अलॉन्झो निदान दुसऱ्या लीगमध्ये गेला, तेवढंच समाधान.

आणि हिशेबनीस, राइटबद्दल: जुलैमध्ये त्याचा ५ नंबर निवृत्त केला तेव्हा तुम्हीच इथे लिहिलं होतं की विमानाचं तिकीट काढून गेलात. तो करार पैशांच्या हिशेबात बसला नाही म्हणून तुम्ही गेला नव्हतात का?

हिशेबनीस | १६ डिसेंबर

गेलो होतो. वरच्या मजल्यावर, उन्हात, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा होतो.

नऊवाडी, याचं उत्तर माझ्याकडे नाही. विचार करतो.

बदामीहलवा | १६ डिसेंबर

गंभीर झालं वातावरण. एक आनंदाची बातमी देतो: १ जुलैला केव्हाच निवृत्त झालेल्या बॉबी बोनियाला जुन्या करारापोटी तुमच्याकडून दरवर्षीप्रमाणे ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर मिळणार. २०३५पर्यंत तरी एक जण तुम्हाला सोडून जाणार नाही!

पागोळी | १६ डिसेंबर

हलवा, खूप दिवसांनी मोठ्याने हसले. थँक यू.

नऊवाडी | २४ डिसेंबर

जेफ मॅकनीललाही ॲथलेटिक्सकडे दिलं. जुन्यांपैकी आता लिंडोर आणि पीटरसन. फर्स्ट बेसला होर्हे पोलँको, दोन वर्षांचे ४० मिलियन. तो सेकंड बेसचा माणूस, फर्स्ट बेसवर जवळजवळ कधीच उभा राहिलेला नाही. आणि यालाच धावा रोखणं म्हणायचं?

हिशेबनीस | २४ डिसेंबर

पोलँकोचं मलाही समजलेलं नाही. बॅट चांगली आहे, पण अलॉन्झोला फील्डिंगसाठी सोडून तिथे नवशिका उभा करायचा हे माझ्या वरच्या सगळ्या लिखाणाशी जुळत नाही. सिमियन मात्र अजूनही पटतो. ३५ वर्षांचा असला तरी यंदाच गोल्ड ग्लव्ह (फील्डिंगचा किताब) मिळालाय आणि लिंडोरच्या शेजारी तो म्हणजे मधली फळी पक्की.

तळ्यातमळ्यात | २२ जानेवारी २०२६

धागा वर काढतेय. एका आठवड्यात केवढं घडलं! काइल टकर डॉजर्सकडे गेला, दुसऱ्या दिवशी बो बिशेट आपल्याकडे, तीन वर्षं, १२६ मिलियन. मग शिकागोहून लुइस रॉबर्ट ज्युनियर. आणि काल मिलवॉकीहून फ्रेडी पेराल्टा! अखेर खराखुरा पहिल्या क्रमांकाचा पिचर. मोबदल्यात जेट विल्यम्स आणि ब्रँडन स्प्रोट गेले.

पागोळीताई, आता काय म्हणणं?

हिशेबनीस | २२ जानेवारी

पेराल्टासाठी स्टर्न्सना सलाम. मात्र त्याचा करार याच सीझनपुरता आहे, पुढे टिकवायचा तर पैसे मोकळे हवेत. अलॉन्झोचे न दिलेले पैसे इथे कामाला यावेत अशी मनापासून इच्छा आहे. बिशेट शॉर्टस्टॉपचा, त्याला थर्ड बेसवर खेळवणार म्हणतात. म्हणजे दोन कोपऱ्यांवर दोन नवे विद्यार्थी.

कोकणकडा | २३ जानेवारी

दीड महिन्यात मी यूट्यूबवर १९८६च्या वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच बघून झालोय. बॉस्टनच्या बकनरच्या पायांतून चेंडू गेला तेव्हा पुण्यात रात्री दोनला एकटाच ओरडलो. आता मीही मेट्सवाला. मला वही मांडायला कोण शिकवेल?

पागोळी | २३ जानेवारी

कोकणकडा, मी शिकवते. रविवारी रात्री तुमच्या वेळेनुसार व्हिडिओ कॉल करू, कोरं पान पाठवते.

तळ्यातमळ्यात, पेराल्टा आल्याचा मलाही आनंद झाला, अगदी उडी मारून. पिचर आणा म्हणत होते, आणला. तो निर्णय बरोबर. रॉबर्ट तंदुरुस्त राहिला तर सेंटर फील्ड सुंदर दिसेल. पण माझं पहिलं म्हणणं मागे घेत नाही. पेराल्टा आणि अलॉन्झो दोघं एका टीममध्ये बघायला मला आवडलं असतं आणि कोहेनना ते परवडलं असतं. बाल्टिमोरला हा २०२६ मध्ये ४० मारेल असं मला वाटतं, आणि मी शेवंतीसाठी खूश होईन आणि रात्री वाईटही वाटेल.

तिकिटांचं ठरलं. चौघींपैकी एकीने सोडलं, तिला खरंच नको झालंय आणि तिचा मला राग नाही. आम्ही तिघी घेतोय. लेकीला विचारलं, चौथ्या खुर्चीवर येशील का? ती म्हणाली, लिंडोर आहे ना अजून? मग येते.

नवी वहीही आणली. रविवारसाठी नमुना म्हणून पहिल्या पानावर लायनअप लिहायला बसले. सोतो, लिंडोर, बिशेट, सिमियन असं लिहीत गेले आणि ३ आकड्यासमोर हात आपोआप ‘अ’ काढून बसला. खोडलेलं नाही. तसंच ठेवून पुढे पोलँको लिहिलंय.

फ्लशिंगकर | २३ जानेवारी

पागोळी, एप्रिलमधला पहिला घरचा शनिवार कोणता ते बघून इथे टाक. अकराला कॅन्टीनमध्ये भेटू. हिशेबनीस, तुम्हीही या. शिकागोहून राइटसाठी येता, आमच्यासाठी या. लेकीला घेऊन ये, मी तिला सीव्हर कुठे उभा राहायचा ती जागा दाखवतो. शे पाडलं तरी सिटी फील्डच्या पार्किंगमध्ये माउंडच्या जागी पाटी लावून ठेवली आहे.

हिशेबनीस | २४ जानेवारी

येतो, काका. डोसा माझ्याकडून.